दहावीचा सहावा तास

विज्ञानाचा मास्तर म्हणून मी एकवीस वर्षं काढली आणि मुख्याध्यापक म्हणून आता सहावं सुरू आहे. पुसदहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची शाळा. सेवाज्येष्ठतेनं माझा नंबर लागला तेव्हा बायकोनं गल्लीभर पेढे वाटले. मला वाटलं, आता शाळा आपल्या मनासारखी चालवू. नाव मोठं, लक्षण खोटं! शाळा मी चालवत नाही, मोबाईल चालवतो. 'माहिती तातडीने पाठवा, आज तीनपर्यंत.' कसली माहिती? मागच्या आठवड्यात पाठवली तीच, फक्त रकाने वेगळे. खिचडीचे फोटो, स्वच्छतागृहाचे फोटो, उद्या फोटो काढतानाचेही फोटो मागतील. संध्याकाळी घरी येतो तेव्हा चार शब्द बोलायची ताकद उरत नाही. थकलोय मी, यात लपवायचं काय?

एक तास मात्र मी सोडला नव्हता. दहावीचं विज्ञान, सहावा तास. शाळेत विज्ञानाच्या मॅडम आहेत, नव्या आणि हुशार. त्यांनी दोनदा विचारलं, "सर, दहावी मला देता का?" मी हसण्यावारी नेलं. तेवढा एक तास गेला असता तर मी मास्तर उरलोच नसतो, आणि ते मला सोसणार नव्हतं.

यंदा भिंगांचा धडा काढला. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ बहिर्वक्र भिंग धरायचं आणि बाहेरचं निंबाचं झाड भिंतीवर उलटं उतरवायचं, ही माझी जुनी हौस. पहिल्या दिवशी भिंग पुढेमागे सरकवतच होतो, तर चपराशी दारात. "सर, बाबू बोलावून राह्यले. सायबाचा फोन हाय." दुसऱ्या दिवशी पुसदला सभा. नंतर कुणाचे वडील टीसी मागायला आले, ते तासभर हलले नाहीत. असे तीन आठवडे गेले. पोरं वहीत 'बहिर्वक्र भिंग' एवढं शीर्षक लिहून बसलेली. वर मीच त्यांना बजावलेलं, दहावी आहे, एक तास वाया घालवू नका.

एका दुपारी, मधल्या सुट्टीत, वर्गातल्या दोन मुली ऑफिसात आल्या. एक गावातली, दुसरी तांड्यावरून रोज चालत येणारी. तांड्यावरच्या मुलीनं कागद पुढे केला. रीतसर अर्ज होता. विषय: विज्ञानाचा तास मॅडमकडे देण्याबाबत. खाली अख्ख्या वर्गाच्या सह्या.

माझं डोकंच फिरलं. "मॅडमनं लिहायला सांगितलं का?"

"नाही सर, त्याइले तं माहीतबी नाही."

"मग माझं शिकवलेलं समजत नाही?"

"समजते ना, सर," ती म्हणाली. "तुमी शिकवता तवा एकदम बराबर समजते. पन तुमी शिकवतच नाही ना." मग जरा हळू आवाजात, "मले नर्सिंगले जाचं हाय, सर."

मी काही बोलणार, तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. दोघी लगेच गप्प होऊन बाजूला सरकल्या. त्यांना सवय होती. मी तो उचलला नाही, पण त्यानं आता काय होणार होतं? फार वाईट वाटलं, कारण पोरी खरं बोलत होत्या. आणि सरळ तोंडावर बोलायला त्यांना किती धीर गोळा करावा लागला असेल, तेही दिसत होतं.

अर्जावर लाल शाईनं 'मंजूर' लिहिलं आणि सही केली.

"उद्यापासूनच काय, सर?"

"उद्यापासूनच."

दारापर्यंत दोघी शहाण्यासारख्या चालल्या. व्हरांड्यात पाय पडताच पळत सुटल्या, आणि थोड्या वेळानं दहावीच्या वर्गातून टाळ्या ऐकू आल्या. इतकी वर्षं शिकवून मला कधी अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या.