शेजाऱ्याची म्हैस

सीमेवर गोळीबार सुरू होता त्या आठवड्यात, भालकीहून खटकचिंचोळीला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असावी. पदराच्या गाठीत साधा मोबाइल बांधलेला. दर थांब्याला ती गाठ सोडायची, फोन माझ्यापुढं धरायची आणि विचारायची, "बाबा, रेंज हाय का बघ की."

रेंज होती. फोनच येत नव्हता. ती पुन्हा गाठ मारायची, आधीपेक्षा घट्ट.

"पोरगा मिल्ट्रीत हाय. चार दिस झाले, बोलला न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "घाबरू नका अक्का, तुमचा मुलगा शूर असणार."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही अभद्रच बोललो.

"त्याचंच तर भ्याव वाटायलंय. शेजाऱ्याच्या गोठ्याला आग लागली, तवा समदा गाव भायेर हुबारला व्हता. ह्यो एकलाच आत घुसला. दावं कापून म्हैस घेऊन आला, पाठ भाजून घेतली. कामून गेलास म्हणून इचारलं, तर म्हणला, म्हैस वरडायलती की आई. आता तिथं कुणी वरडलं, तर ह्यो थांबंल का?"

तिचं गाव आलं, ती गाठ चाचपत उतरली.

मी तिचं नाव विचारलं नाही, मुलाचंही नाही. पेपरात जवान गेल्याची बातमी आली, की मी आधी गाव शोधतो. गाव दूरचं निघालं की सुटल्यासारखं वाटतं. मग स्वतःचीच लाज वाटते. त्या गावातही कुणाच्या तरी पदराला अशीच गाठ असणार.