बा बसल्या की बंद पडणारी गाडी

"गाडीत काही बिघाड नाही," असं मी वसंतभाईंना दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. पहिल्या वेळी हसले होते, चहासुद्धा पाजला होता. पण काल त्यांची गाडी तळोद्याच्या रस्त्यावर पुन्हा बंद पडली होती. पुन्हा चौथ्याच मैलाला, आणि पुन्हा आत त्यांची आई असताना. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. शहाद्यात माझं छोटं गॅरेज होतं. वसंतभाई गुजर, कापसाच्या जिनिंगचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे मालक. त्यांच्या आईला सगळे बा म्हणत. बा दोन वर्षांपूर्वी ओसरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि नीट जुळलं नाही. आडवं पडता यायचं, बसता येत नव्हतं. त्यांच्या लेकीच्या लेकीचं लग्न तळोद्याच्या पुढे वीसेक मैलांवरच्या गावात ठरलं होतं, आणि बांना ते डोळ्यांनी पाहायचं होतं. बैलगाडीच्या हादऱ्यांत खुब्याचा जीव गेला असता. एसटीत माणसाला आडवं कुठे ठेवणार? म्हणून वसंतभाईंनी मुंबईहून ही जुनी गाडी आणली. एक जर्मन इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी निघाला होता, त्याची ही फिरती खोलीच म्हणा. आत पलंग, बेसिन, कपाट, खिडक्यांना पडदे. पलंग अगदी मागे, बरोबर इंजिनाच्या वर.

हो, इंजिन मागे. आणि रेडिएटर नाही. रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जाळी. या गाडीचं इंजिन पाण्यावर नाही, वाऱ्यावर थंड व्हायचं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना पत्र्यात आडव्या फटी होत्या. तिथून पंखा हवा ओढायचा आणि इंजिनावर सोडायचा. हे मला कळायला दोन दिवस लागले, कारण गाडीबरोबर आलेलं पुस्तक जर्मन भाषेत होतं आणि मी फक्त चित्रं वाचली. ड्रायव्हर नथ्थूला तर ते शेवटपर्यंत पटलं नाही. तो रोज सकाळी बेसिनच्या टाकीत पाणी बघायचा, टाकी भरलेलीच असायची, आणि ही गाडी पाणी पीतच नाही म्हणून सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

लग्नाआधी बांना गाडीची सवय व्हावी म्हणून तळोद्याच्या रस्त्याला फेऱ्या चालू होत्या, आणि लक्षणं सरळ होती. चार मैल गाडी छान पळायची. मग जोर कमी व्हायचा, गरम तेलाचा वास यायचा, लाल दिवा लागायचा आणि इंजिन गप्प. तासभर सावलीत उभी केली की पुन्हा चालू. नथ्थू तिला हळूहळू घरी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी करायचा.

म्हणजे इंजिन तापत होतं. का तापत होतं, हा प्रश्न. मी प्लग बदलले. पॉइंट साफ केले. पॉइंट म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणारा भाग. टायमिंग तपासलं, कार्बोरेटर खोलून धुतला, तेल बदललं. पंख्यात कापसाचे दोन-चार तंतू अडकले होते, तेही काढले. जिनिंगच्या आवारात राहणाऱ्या गाडीत कापूस नाही तर काय सापडणार? मग जिनिंगमधले चार दणकट हमाल आत बसवले आणि प्रकाशा गावाच्या रस्त्याला भर दुपारी बारा मैल हाकली. लाल दिवा एकदाही लागला नाही. हमाल येताना गाणी म्हणत होते.

बा बसल्या की मात्र चौथा मैल.

गावात बोलायला लोकांना एवढं पुरतं. म्हातारीचा पायगुण, असं कुणीतरी बोललं आणि ते फिरत फिरत घरापर्यंत पोचलं. माझंही डोकं फिरलेलं होतं. वसंतभाईंना मी विचारलं की बांबरोबर काही जड सामान असतं का. ते म्हणाले, माझ्या आईचं वजन कापसाच्या एका गाठोड्याएवढं नाही, आणि तू काय विचारतोस. त्यांचं खरं होतं. मला लाज वाटली, तरी राग जाईना. हत्यारांची पिशवी उचलून, नथ्थू आणि गाडीसकट मी त्यांच्या घरी गेलो.

बा ओसरीवर खाटेवर पडल्या होत्या. जवळ बोलावून मला म्हणाल्या, "मी बसनी का गाडी बंद पडस. राहू दे आते, मिस्तरी. मी नही जात लगनले."

आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसलं नाही. मी म्हटलं, बा, लोखंडाला माणूस कळत नाही. यात तुमचा काय दोष?

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तू गाडी देखस. गाडीमा कोन शे ते देखस का? मन्हा जागावर जपी देख एकदाव."

म्हणजे माझ्या जागेवर एकदा झोपून बघ. मी हसलो. पण मग लक्षात आलं, की बांना गाडीत ठेवताना मी एकदाही हजर नव्हतो. त्यांना उचलायचं काम बायकांचं. सून कमळाभाभी आणि जिनिंगमधल्या दोन बाया मिळून त्यांना पलंगावर ठेवायच्या, आणि तोवर आम्ही पुरुष फाटकाबाहेर जाऊन उभे राहायचो. ती घरची रीत होती. गाडी माझ्याकडे यायची ती घरी परतून झाडून-पुसून.

मी झोपायला तयार झालो. बांनी खाटेवरूनच हुकूम दिला, "मन्हासाठे जे जे करतस, ते समदं याले करा. काही कमी नका ठेवू."

मग काय विचारता. मला पलंगावर आडवं केलं. खाली दोन गोधड्या, डोक्याखाली उशी, हातात विणलेला पंखा. खिडक्यांचे पडदे ओढले. नथ्थू दाराशी उभा राहून इतका हसत होता की त्याला दार लावता येईना. मी मेल्यासारखा डोळे मिटून पडलो आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

तेवढ्यात डोक्याशी, पत्र्याच्या बाहेरून, टकटक ऐकू आलं. बोटांचा हलका आवाज. आधी उजव्या कोपऱ्याला, मग गाडीला वळसा घालून डाव्या. मी ताडकन उठलो आणि मागच्या बाजूला धावलो.

कमळाभाभी उभ्या होत्या. पदराच्या ओच्यात पांढराशुभ्र कापूस, सरकी काढलेला, हाताने निवडलेला. हवेच्या त्या फटींत त्या एकेक बोळा कोंबत होत्या, मोठ्या निगुतीने. उजवी बाजू पूर्ण बंद झाली होती. पांढऱ्या गाडीत पांढरा कापूस; दहा पावलांवरून दिसला नसता.

मला पाहून त्या दचकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाना तोंडवर धूळ येस ना, भाऊ."

फटी पलंगाच्या डोक्याशीच होत्या, म्हणून त्यांना वाटलं की धूळ तिथूनच आत येते. कापूसवाल्यांच्या घरात कुठलंही भोक कापसानेच बुजवतात. आणि घरी आल्यावर मळलेला कापूस त्या आठवणीने काढून टाकायच्या. बाईंनी इंजिनाचं नाकच दाबून धरलं होतं, आणि तेही सासूवरच्या मायेने. मला राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा पाहून राग आला नाही, उलट इतका आनंद झाला की मी नथ्थूच्या पाठीत धपाटा घातला.

वसंतभाई धावत आले आणि काय सापडलं म्हणून विचारू लागले. कमळाभाभींनी कापूस पदराखाली घेतला होता आणि मान खाली घातली होती. मी म्हणालो, "हवेचा रस्ता बंद झाला होता. मोकळा केला."

यात एक शब्द खोटा नव्हता. बा मात्र खाटेवरून सुनेच्या पदराकडे बघून खुदकन हसल्या.

धुळीचं मी नंतर पाहिलं. ती फटींतून येतच नव्हती. मागच्या झाकणाचं रबर जुनं होऊन कडक झालं होतं, तिथून येत होती. तसलं रबर मुंबईतही मिळालं नसतं. मी ट्रकची जुनी ट्यूब पट्ट्या कापून बसवली. भाभींनी झाकणाच्या कडेवरून हात फिरवून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.

लग्नाच्या सकाळी वसंतभाईंनी मला नथ्थूशेजारी बसवलं. दुसरा मैल गेला, तिसरा गेला. चौथ्या मैलाच्या दगडापाशी नथ्थूने गाडी उगाचच हळू केली. मी त्याला कोपराने ढोसलं. दगड मागे पडला. लाल दिवा लागला नाही.

मागून बांचा आवाज आला, "मिस्तरी, चौथा मैल गया का?"

"गया, बा."



"मंग ते मन्हामुळे नव्हतं."

मी मागे वळलो नाही, कारण मला समोरचा रस्ताही नीट दिसत नव्हता. दुपारी बांची खाट मांडवात नवरीच्या शेजारी ठेवली होती, आणि त्या आडव्या पडल्या पडल्या वाढप्यांना ओरडत होत्या.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं गॅरेज चालवलं. बिघडलेली गाडी आली की पाना हातात घेण्याआधी विचारायचो, यात बसतं कोण, आणि त्यांना बसवतं कोण. गिऱ्हाइकं वैतागायची. मी विचारायचं सोडलं नाही.