क्लिपच्या आधीचं वाक्य

“निळं स्टिकर लावलं म्हणजे रस्ता तुमच्या बापाचा झाला का गं? लायकीत राहा, महारडे.”

हे तो मला म्हणाला. रावेतच्या चौकात, भर दुपारी, मी डांबरावर पडलेली असताना. चाकणला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं, कंपनीची बस गाठायची होती. सिग्नलला स्कूटी थांबवली आणि त्याच्या मोठ्या गाडीनं मागून ठोकलं. गुडघा फुटला. डबा उघडून भाजी सांडली. मी एवढंच म्हणाले, “भाऊ, समोर बघून चालवा की.” तो उतरला, स्कूटीच्या मागचं जयभीमचं स्टिकर वाचलं आणि मग हे बोलला.

मी उठले. पायातली चप्पल हातात घेतली. मारली नाही, उगारली. गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोनं नेमका तेव्हा मोबाईल सुरू केला.

गुडघ्याला रुमाल बांधून शिफ्टला गेले. संध्याकाळी चहाच्या सुट्टीत लाइनवरच्या पोरींनी मलाच मी दाखवली. तोंड वेडंवाकडं, हातात चप्पल. वर लिहिलेलं, ‘बाई असल्याचा माज’. त्याचं वाक्य नव्हतं. माझा गुडघा नव्हता. खाली कमेंटमध्ये मात्र तोच शब्द होता. त्याला बोलताना त्यातल्या कुणीच ऐकलं नव्हतं. स्टिकर दिसलं, बास. ज्याचा त्याला सुचला. मी वाचत खाली खाली जात राहिले, थांबताच येईना.

तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून फोन आला. मी आणि आप्पा गेलो. आप्पा म्हणजे माझे वडील. आकुर्डीत मशीनवर उभी हयात घालवलेला माणूस. साहेबांनी काय झालं ते विचारलंच नाही. “व्हिडिओ किती फिरलाय कळतंय का? वरून फोन येताहेत. हात जोडून माफी माग, आम्ही त्याचा व्हिडिओ टाकतो, विषय संपला.”

मी सांगायला लागले, तो काय म्हणाला ते.

“ते व्हिडिओत कुठंय?”

व्हिडिओत नाही, म्हणजे घडलंच नाही. आप्पा हळूच म्हणाले, “माग बाई. दोन मिनटाचं काम. सोडतील, घरी जाऊ.”

मी मागितली. हवालदारानं दोनदा परत करायला लावलं. “जरा रडल्यासारखं करा.” अर्ध्या तासात रील आलं. आधी चप्पल, मग जोडलेले हात, मागं ढोल-ताशा.

खरं सांगते, असली रीलं मी स्वतः पुढं पाठवलीत. आधी कोयता घेऊन मिरवणारा, मग चौकीत कान धरून उठाबशा काढणारा. हसून हसून पाठवायचे. त्यानं खरंच काय केलं, ते कुणी तपासलं, कुठल्या कोर्टानं ठरवलं, असं कधी मनात आलं नाही. माझी पाळी आली तेव्हा आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

माफी मागितली म्हणजे केलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. सुपरवायझर म्हणाला, “ताई, थोडे दिवस घरीच बसा. कंपनीचं नाव यायला लागलंय.” घरात जीव रमेना. फोन उलटा ठेवायचे, पुन्हा सुलटा करायचे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. शेवटी एक दिवस उठून त्याच चौकात गेले.

कडेला पंक्चरचं दुकान आहे. दुकानवाले बीडकडचे. मला बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“ताई, म्या ऐकलंय त्यो काय बोलला ते. कुटं बी बोलवा, येतो.”

त्यांच्या टायरच्या ढिगावर बसून मी पहिल्यांदा रडले.

ते गिऱ्हाइकांनाही हेच सांगत असणार आणि ते गाडीवाल्याच्या कानावर गेलं असणार, कारण दोनच दिवसांत चौकीतून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आप्पांबरोबर पंक्चरवाल्यांनाही नेलं. गाडीवाला आधीच खुर्चीत बसलेला. टेबलावर साडीची पिशवी आणि एक राखी.

“ताई, गैरसमज झाला,” तो म्हणाला. “तुम्ही राखी बांधा, मी साडी देतो. छान व्हिडिओ करू. तुमचंही नाव क्लिअर होईल.”

हवालदार मोबाईल धरून तयार होता. खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. काम परत मिळालं असतं. गल्लीतल्या बाया नीट बोलल्या असत्या. पण त्या व्हिडिओतही त्याचं वाक्य नसणार होतं.

“मला व्हिडिओ करायचा नाही. माझी फिर्याद घ्या. साक्षीदार बाहेर उभा आहे.”

साहेबांनी बरंच समजावलं. तारखा, वकील, वर्षं. मी उभीच राहिले. शेवटी कॉम्प्युटरवरच्या पोलीस बाईंनी टाइप केलं, ‘जातिवाचक शब्द वापरून अपमान केला.’

“त्यानं असं म्हटलं नाही. जे म्हटलं तेच लिहा.”

“असंच लिहितात हो, ताई.”

“उद्या कोर्टात विचारतील, कुठला शब्द? तेव्हा काय दाखवू?”

आता तो शब्द माझ्याच तोंडानं उच्चारायचा होता. आप्पांसमोर. जीभ उचलेना. आप्पांची मान खाली होती. मग त्यांनीच वर बघितलं.

“सांग. मोठ्यानं सांग. म्या बी लई ऐकलाय त्यो कंपनीत. कुणाला सांगितला न्हाई.”

मी सांगितलं. अख्खं वाक्य. गाडीवाला खिडकीबाहेर बघत बसला. बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यात ‘बाप’ गाळला होता. तोही घालायला लावला.

सहीच्या आधी मी आणखी एक ओळ लिहून घेतली. ‘व्हिडिओतली माफी माझ्याकडून दबावानं घेतली. ती मी परत घेत आहे.’

साहेब हसले. “माफी परत घेता येत नाही, बाई.”

मी घेतली. कोर्टात उभी राहीन तेव्हाही पडल्यापासून सांगणार आहे, क्रमानं. वर्षं लागली तर लागू देत. तिथं त्याला ते वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागेल, आणि माझी गोष्ट चपलेपासून सुरू करायची सोय कुणाला नसेल.