फ्लेक्सवरचा मी

धाकटा भाऊ गेला आणि आष्ट्याच्या चौकात फ्लेक्स लागला तो माझ्या फोटोचा. नाव त्याचं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि वर मी, चष्मा-मिशांसकट. मंडळाच्या पोरांनी कुणाच्या तरी मोबाईलमधला लग्नातला फोटो घेतला आणि घाईत चुकीचा भाऊ कापून काढला. आम्ही दिसायला सारखेच, त्यांचं तरी काय चुकलं. एकजण मान खाली घालून म्हणाला, "सर, फ्लेक्सवाल्याचं मशीन बंद हाय. सुरू झालं की बदलतो." म्हटलं, बदला सवडीनं. मला काहीच वाटत नव्हतं.

साताऱ्याच्या कॉलेजात मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. आपण आहोत याला पुरावा काय, असं पहिल्याच तासाला विचारायचो. मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "सर, हजेरी." वर्ग हसायचा, मीही हसायचो, आणि मग तासभर असण्या-नसण्याचा कीस पाडायचो. आता त्या फ्लेक्सखाली उभा राहून मला त्यातलं एक वाक्य आठवेना. चहाच्या गाडेवाल्यानं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मुकाट्यानं कप पुढं केला. चहा गोड होता एवढं कळलं.

भावाला मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मी दिला होता. डोकं भादरलं, मिशा उतरवल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी आलो होतो, त्यामुळं सदरा त्याचाच घातलेला, आणि वाचायचं काही नव्हतं म्हणून चष्माही नाही. आरशात बघितलं तर हा कोण, असं झालं. तेही फार वेळ नाही.

आईला कुणी सांगितलंच नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती सांगलीच्या दवाखान्यात, बहीण सोबतीला. घरी आणल्यावर सांगायचं ठरलं, आणि सांगायचं कुणी, तर मी. शिकलेला ना. तास घ्यायचा असल्यासारखा मी वाक्यं जुळवत बसलो होतो.

पण गाडी चौकातूनच आली. आईला वाचता येत नाही, फोटो मात्र बघता येतो. माजघरात देव्हाऱ्याशेजारी खाट टाकली होती, तिच्यावर तिला टेकवून बसवलं. डोळे कोरडे. तिनं मला जवळ बोलावलं, भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थोरला गेला न्हवं?"

बहीण तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"एकटा जीव हुता. ना बायकू, ना पोर," आई म्हणाली. "त्यो तर कवाच गेला हुता साताऱ्याला. सणावाराला पाव्हण्यावाणी यायचा. माझंच लेकरू, जीव तुटतोय रं. पर तू हाईस न्हवं, मग म्या जगंन."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, असंच राहू द्यावं. मी गेलो आणि तो राहिला, तर या घराचं काय बिघडतं? उसाला पाणी पाजायला तो होता, हिला दवाखान्यात न्यायला तो होता. आपण फक्त गप बसायचं. नसणं एवढं सोपं असेल असं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचं कपाळ मोकळं होतं. आईनं तांब्या घेतलाच नाही.

"दीर गेल्यावर कुणी कुंकू पुसतं व्हय गं, येडे? नवरा म्होरं बसलाय की तुझा." तिनं देव्हाऱ्यातला करंडा ओढून घेतला आणि त्यात बोट बुडवलं. "ये, बस हितं."

भावजय हलली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं.

"आई," मी म्हणालो, "मी थोरला हाय."

आईनं डोळे बारीक केले. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ बघितलं. बोटावरचं कुंकू माझ्या गालाला लागलं.

"व्हय की," ती म्हणाली. "मग धाकट्याला हाक मार. रानात आसंल बघ."