पहिल्या खेपेची तारीख

२०१९च्या उन्हाळ्यात मुकुंदवाडीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि ते नेमकं सकाळी ऑफिसला निघायच्या वेळी. संध्या साळवे आणि तिची आई लीलाबाई ड्रम, घागरी, बादल्या, शेवटी भाजीची पातेलीसुद्धा भरून घ्यायच्या. मग ओल्या बाह्यांनीच संध्या रिक्षा पकडायची. जालना रोडवर दर महिन्याला नवी इमारत उभी राहायची. तिचं ऑफिस अशाच एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. बत्तीस वर्षांची संध्या तिथं मोबाइल ॲप बनवायची.

त्या वर्षी कंपनीकडं टँकरच्या ॲपचं काम होतं. चालकानं वस्तीवर पोचलं की ॲप उघडायचं, गावाचं नाव निवडायचं, आणि पडद्यावर आलेला आकडा मुकादमाला फोनवर सांगायचा. आकडा सांगितल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, असा ठेकेदाराचा नियम होता. मधल्या वाटेत पाणी विकलं जाऊ नये म्हणून तो केला होता.

मे महिन्यात कचरू नावाच्या चालकाचा फोन यायला लागला.

"जयभीम ताई. ॲप पुन्हा बंद पडलं."

"कुठं बंद पडतंय?"

"सोयगावच्या वरल्या वस्तीवर. नाव दाबलं की गपकन जातंय. बाकी गावांत चालतंय."

संध्यानं टीमप्रमुख हिमांशूला सांगितलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "फोन कोणता आहे त्याचा? जुना असेल. रेंज नसेल." तिनं ऑफिसच्या फोनवर दहा गावं उघडून पाहिली. सगळी नीट चालली. मग दुसरं काम पुढ्यात आलं.

तिसऱ्या फोनला कचरूचा आवाज पडलेला होता. "ताई, दोनदा भरला टँकर माघारी आणला. आकडा येत नाय आणि मुकादम सोडू देत नाय. बाया निस्त्या बघत राहिल्या. म्या काय सांगू त्यास्नी?"

संध्यानं पुढ्यातलं काम बाजूला सारलं. मग म्हणाली, "शनिवारी मी येते."

सिल्लोडच्या पुढं रस्ता रुंदीकरणासाठी खणून ठेवला होता. एसटी धुळीतून सरकत होती. अजिंठ्याचा घाट उतरून सोयगावला पोचेपर्यंत दुपार झाली. तिथून ती कचरूच्या टँकरमध्ये बसली. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, पायाशी पाण्याची बाटली. ती बाटली वस्तीवर पोचल्यावर तिनं पिशवीत आत ढकलली.

घागरींची रांग आधीच लागली होती. कचरूनं गावाचं नाव दाबलं आणि ॲप बंद झालं. रांगेच्या पुढं उभ्या म्हाताऱ्या गोजरबाईनं ते पाहिलं आणि ती खालीच बसली.

संध्यानं कचरूचा फोन केबलनं लॅपटॉपला जोडला आणि त्याला पुन्हा तेच करायला सांगितलं. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली: नल पॉइंटर, म्हणजे ॲपनं रिकामी जागा वाचायला घेतलेली, मग फाइलचं नाव, ओळीचा नंबर. फाइल तिनंच लिहिलेली होती.

तिला लगेच कळलं. मागच्या खेपेला किती दिवस झाले हे दाखवण्यासाठी तिनं तारखेचं एक व्हेरिएबल, म्हणजे तारीख ठेवायचा एक कप्पा, केलं होतं, पण त्याला सुरुवातीला काहीच दिलं नव्हतं. ज्या गावात आधी टँकर गेलेला, तिथली तारीख सर्व्हरवरून येऊन त्यात बसायची. या वस्तीला टँकर पहिल्यांदाच मंजूर झाला होता. मागची खेप नाही, म्हणून तारीख नाही, म्हणून व्हेरिएबल रिकामंच. आणि पुढच्याच ओळीत ॲप त्या नसलेल्या तारखेपासून दिवस मोजायला जायचं आणि कोसळायचं. खेप नोंदली जात नव्हती, त्यामुळं पुढच्या वेळीही तेच. ऑफिसात तपासलेली दहाही गावं जुनी होती.

"काय झालंय गं बाई?" गोजरबाईनं विचारलं.

"चूक आहे ॲपमध्ये. माझ्या हातची."

गोजरबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "टाकी भरल्याली व्हती. वरून पाणी सांडत व्हतं. आमच्या म्होरून परत नेली. दोन येळा." ती ओरडली नाही, आणि त्यामुळं संध्याला मान वर करता येईना.

"व्हय, आजी."

"मंग आज तरी सोडा."

संध्यानं मुकादमाला फोन लावला. आकडा नाही, सही माझी घ्या, कंपनीचा जबाब मी देते, असं ती तीनदा म्हणाली. तो कुरकुरला, पण शेवटी हो म्हणाला. कचरूनं कॉक फिरवला. तिनं वहीच्या पानावर सही केली आणि खाली गोजरबाईचा अंगठा घेतला.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तारीख नसेल तर दिवस मोजायचे नाहीत, 'पहिली खेप' असं दाखवून पुढं जायचं. पण सोमवारी तिनं पूर्ण ॲप चाळायला घेतलं, तर अशा आणखी सव्वीस जागा निघाल्या. काही तिच्या, काही नोकरी सोडून गेलेल्या पोरांच्या.

"एवढं कशाला? एक दुरुस्त केलंस ना, पाठव," हिमांशू म्हणाला.

"मी सगळ्या करणार आहे."

नऊ दिवस लागले. मधे एक पाण्याचा दिवसही आला, आणि त्या दिवशी ती उशिरा पोचली म्हणून तिला बोलणी बसली. अहवालात तिनं लिहिलं होतं की चूक माझी, त्यामुळं दोन खेपा परत गेल्या. हिमांशूनं ते काढून 'तांत्रिक कारण' केलं. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

पाऊस लागल्यावर टँकर थांबले आणि ॲपचं कामही संपलं. पुढच्या वर्षी तिनं शेंद्र्याच्या एका कारखान्यात अर्ज केला. मुलाखतीला केशव देशपांडे नावाचे पिकल्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी कामातली एखादी चूक सांगायला सांगितली. तिनं वस्तीची गोष्ट जशी घडली तशी सांगितली.

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. "मग पाणी मिळालं त्यांना?"

"तिसऱ्या खेपेला मिळालं, सर. आधीच्या दोन खेपा गेल्या त्या गेल्याच."

नोकरी मिळाली. घरी सांगितलं तेव्हा लीलाबाई ड्रम घासत होती. ती म्हणाली, "बरं झालं. येताजाता लांब पडंल पण." संध्यानं पदर खोचला आणि दुसरा ड्रम घासायला घेतला.