डाव्या मडगार्डातली पुट्टी

त्या दिवशी दुपारी मी आणि बायकोनं शेजाऱ्याची गाडी तपासली. जेवलो, भांडी विसळली, स्वेटर चढवले आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलो. रोज जायचो तसंच.

गाव नावन, परदेशातलं. मुलगा इथं कामाला. नातीच्या बारशाला म्हणून आलो आणि करोनानं विमानं बंद झाली. वर्ष उलटून गेलं तरी इथंच. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी येत नाही, आणि हाताला काम नसलं की मला गुदमरतं. शेजारी म्हणजे ट्रक चालवून म्हातारा झालेला एकटा माणूस. त्याच्या शेडमध्ये ही अमेरिकन गाडी. दोनच दारं, खाटेएवढं बॉनेट, इंजिन चालू केलं की आमच्या स्वयंपाकघरातल्या कपबशा वाजायच्या. भंगारात घेतलेली, पत्र्याची नुसती चाळण. मिरजेला माझं पस्तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मी पत्र्याकडं बोट दाखवलं, त्यानं माझ्या हातात हातोडी दिली. झाली दोस्ती.

आमच्या गॅरेजात तपासायचं काम बायकोचं असायचं. रंग वाळला की ती डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायची. डोळ्याला न दिसणारा खड्डा तिच्या हाताला लागायचा. गिऱ्हाइकं हसायची, पण तिनं ठीक म्हटल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही. इथंही तेच. एकेक दार, एकेक मडगार्ड तिच्या हाताखालून गेलं. शेजारी लांब उभा राहून बघायचा आणि तिनं मान हलवली की म्हणायचा, "ग्रँड." तेवढा एक शब्द आम्ही तिघंही बोलायचो.

गाडी विकायला काढली होती. मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाली आणि लगेच पोर्टलीश गावचा एक माणूस बघायला येतो म्हणाला. तो येणार होता त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. जाहिरात मुलानं मला वाचून दाखवली होती. सगळा पत्रा हातोडीनं सरळ केलेला, पुट्टी कुठंही नाही, काम भारतातल्या जुन्या कारागिराचं. हे त्याला मीच सांगितलं होतं. मुलाला मध्ये घालून फुशारकी मारली होती की पुट्टी लावतो तो डेंटर नव्हे, गवंडी.

आणि मागच्या डाव्या मडगार्डात, चाकाच्या वर, मी बोटभर पुट्टी भरली होती. उजवा खांदा वर जाईना. हातोडी चार वेळा मारली की डोळ्यापुढं काजवे. शेजारी दुकानात गेला होता तेवढ्यात लिंपून टाकली, घासली, रंगवली. कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही.

त्या दुपारी तिचा हात तिथं आला आणि थांबला. मागं गेला, परत आला.

"इथं गार लागंना," ती म्हणाली. "बाकीचा पत्रा कसा बर्फासारखा आहे. काय घातलंय हो इथं?"

"काय घालतोय? पत्रा आहे."

"अहो, पुट्टी आहे ही."

"पत्रा आहे म्हटलं ना."

ती हसली. "मला बघायला आला होता तेव्हा पण असंच लिंपून आला होता. लग्न झाल्यावर कळलं खालचा पत्रा कसा आहे ते."

शेजारी बघत होता. मला राग आला. म्हटलं, "तुझ्या हातात आता काही राहिलं नाही. चल, चहा टाक."

तिनं तळहाताकडं एकदा बघितलं, दुसऱ्या हातानं चोळला आणि माझ्या पुढं घरी गेली.

मी मागच्या दारात बूट काढत होतो. आत साखरेचा डबा पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, रुसून आपटला. मी म्हटलंसुद्धा, "आपटू नको, सुनेचा आहे." दुसरा बूट काढला. मग आत गेलो.

ती फरशीवर होती, साखरेत. सून वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मी ओरडलो ते तिला ऐकू गेलं नाही, शेजाऱ्याला गेलं. अॅम्ब्युलन्स आली. अंगभर प्लास्टिक घातलेली माणसं तिच्या छातीवर दाबत राहिली. मग थांबली. त्यांच्यातली एक मुलगी माझ्यासमोर खाली बसून हळू बोलली. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

त्यानंतर घरात काय काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. नेलं तिला. मुलगा फोनवर रडत होता, मिरजेची माणसं स्क्रीनवर रडत होती. मी खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या पायाला साखर चिकटली होती. पस्तीस वर्षं जिचा हात एकदा चुकला नाही, ती आपला हात चुकला असं समजून गेली. मी समजावलं तसं. डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

शेजारी टोपी काढून दारात येऊन गेला. मुलगा म्हणाला, "अण्णा, तो उद्याच्या माणसाला नको म्हणून सांगतोय."

"येऊ दे म्हणावं."

"अहो, पण..."

"येऊ दे."

सकाळी अंघोळ केली. फ्रिजवर सुनेनं शॅननहून आणलेलं मेंढीच्या आकाराचं चुंबक होतं, ते काढलं आणि शेडमध्ये गेलो. शेजारी हातात चहाचा मग घेऊन उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो बाजूला केला. चुंबक दाराला लावलं, चिकटलं. बॉनेटला लावलं, चिकटलं. मडगार्डला चाकाच्या वर लावलं, खाली पडलं. उचलून परत लावलं, परत पडलं.

मुलगा स्लिपरवर धावत आला. "अण्णा, सुतक आहे. काय चाललंय हे?"

"त्याला सांग, इथं पुट्टी आहे. मी भरली, त्याला न सांगता. त्याची जाहिरात खोटी आहे आणि ती माझ्यामुळं खोटी आहे."

"हे आत्ता सांगायचंय?"

"आत्ता."

त्यानं सांगितलं. शेजाऱ्यानं चाकाच्या वर अंगठ्यानं दाबून बघितलं. मग बोलला. मुलगा म्हणाला, "तो म्हणतोय, असू दे, आज घरी जा. एवढंसं कुणाला कळणार पण नाही."

"आमच्या घरात कळलं होतं म्हणावं."

हे मुलानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी फळीवरचा ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेतला, लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि त्या तकतकीत निळ्या रंगावर घासायला सुरुवात केली. डाव्या हातानं. शेजाऱ्यानं चहाचा मग खाली ठेवला आणि पोर्टलीशच्या माणसाला येऊ नको म्हणायला फोन लावला.