सहा खांबांची टोकं

बागेतल्या बंगलीची गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली आहे. काकांचा हट्ट, त्यांचं मुंबईचं वार्निश, पाहुण्यांसमोरचा त्यांचा रुबाब हे सगळं मी रंगवून सांगतो. नातवंडं हसतात. बंगली कलली त्या जागी आलो की मी म्हणतो, "मग काय, लाकूड कवळं निघालं," आणि चष्मा शोधायच्या निमित्ताने उठतो.

लाकूड कवळं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. एवढी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, माझ्या बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला नाही.

एकोणीसशे तीसच्या पुढेमागेची गोष्ट. महाडहून दासगावकडे जाताना सावित्री नदीच्या अंगाला आमची वाडी होती. पन्नासएक पोफळी, थोडे माड, चार कलमं आणि मधून वाहणारा रहाटाचा पाट. सकाळी रहाट सुरू झाला की त्याची करकर घरापर्यंत येई, आणि ती थांबली की काकू अंगणातून ओरडे, "बैल उभं राह्यलं बघ रे!" आजही एखादं दार तसं करकरलं की मला ओल्या मातीचा आणि पिकल्या सुपारीचा वास आल्यासारखा वाटतो.

काका मुंबईला कारकुनी करून परत आले होते. तिथे एका साहेबाच्या बागेत त्यांनी लाकडी खोली पाहिली होती, सहा खांबांची, चारी बाजूंनी उघडी, वर उतरतं छप्पर. तशी बंगली आपल्या वाडीत हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. "तिथं बसून मी पेपर वाचणार," ते म्हणायचे. पेपर आमच्याकडे दोन दिवसांनी यायचा. बांधावरून जाणारे लोक विचारायचे, "रावसाहेबांचा पिंजरा झाला का रं?"

काम वरंधकडच्या एका सुताराला दिलं. चाळिशीचा, काटकुळा माणूस. बोलणं कमी, पण बोलला की समोरच्याला हसू आवरत नसे. त्याला मी सुतारदादा म्हणायचो. लाकूड त्याने स्वतः पोलादपूरच्या वरच्या अंगाचं निवडलं, पक्क्या किंजळीचे सहा खांब. ते वर्षभर सावलीत वाळत ठेवले. प्रश्न राहिला तेलाचा. आमच्या पावसात उघड्यावरचं लाकूड नुसतं ठेवलं तर वरून शेवाळ आणि खालून वाळवी. काकांनी मुंबईहून वार्निशचा डबा मागवला होता आणि तो माजघरात देवासारखा ठेवला होता.

सुतारदादा म्हणाला, "रावसाहेब, तुमचं नको आन माझं पण नको. जमिनीला इचारू."

त्याने त्याच किंजळीच्या पाच खुंट्या केल्या. एकीला करंजेल, दुसरीला उंडीचं तेल, तिसरीला डांबर, चौथीला काजूच्या टरफलांचं तेल आणि पाचवीला काकांचं वार्निश. ओळखायला प्रत्येकीवर खाचा पाडल्या, एक ते पाच. मृगाच्या आधी त्या पाटाच्या कडेला अर्ध्या अर्ध्या पुरल्या. सगळा पाऊस आणि सगळा हिवाळा त्या तिथे राहिल्या. काका रोज सकाळी जाऊन पाचव्या खुंटीकडे प्रेमाने बघून यायचे.

होळीच्या सुमारास त्या मीच उपटल्या. काकांचं वार्निश उन्हात भाजलेल्या पाठीसारखं सोलून निघालं होतं आणि खालचं लाकूड काळवंडलं होतं. काका म्हणाले, "डबा जुना निघाला." करंजेलाच्या खुंटीला कीड नव्हती, पण तेल पावसात धुऊन गेलं होतं आणि जमिनीखालचा भाग नखाने उकरता येत होता. डांबराची खुंटी टिकली होती. फक्त उन्हात ते पाघळून चिकट झालं होतं आणि वास मारत होतं.

"अरे, मला पेपर वाचायचाय की गलबतावर राहायचंय?" काका म्हणाले.

उंडीची चांगली होती, पण उंडीचं तेल खाडीकडचे लोक होड्यांसाठी ठेवून घेत, आमच्यापर्यंत पुरेसं येत नसे. चौथी खुंटी सुतारदादाने दगडावर आपटली. ती खणकन वाजली. त्याने पटाशीने तिचं खालचं टोक उभं चिरून मला दाखवलं. तेल बोटभर आत गेलं होतं, काळीभोर रेघ.

"बघ," तो म्हणाला, "लाकूड अंगानं पानी पीत नाय, टोकानं पितं. म्हनून तेल बी टोकालाच पाजायचं. अंगाला नुसते दोन हात दिलं तरी चालंल."

म्हणजे काय करायचं ते मी ऐकलं होतं. समजलंही होतं.

टरफलांचं तेल आम्ही वाडीतच काढलं. खाली एक मडकं पुरलं, वर बुडाला भोक पाडलेलं दुसरं, त्यात टरफलं आणि भोवती गोवऱ्यांचा जाळ. काळं, दाट तेल थेंबाथेंबाने गळायचं. त्या तेलाने कातडी जळते. सुतारदादा आधी हाताला खोबरेल चोळायचा आणि वर फडकी बांधायचा. मी हौसेने मडकं उचलायला गेलो आणि मनगटावर दोन थेंब पडले. तिसऱ्या दिवशी तिथली कातडी फुगली, मग गेली आणि खाली पांढुरका डाग राहिला.

काकूने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. माझं लग्न ठरलं होतं, हळद पंधरा दिवसांवर आली होती.

"मेल्या, असलं हात घेऊन बोहल्यावर उभा ऱ्हाणार? तिकडची मानसं काय म्हंतील, नवऱ्याला अंगावरचा रोग हाय! भरल्या मांडवातनं उठून जातील ती."

ती चेष्टा करत नव्हती. अशा एका डागावरून मोडलेलं लग्न आमच्या पाहुण्यांतच झालं होतं. मी तो डाग सारखा बाहीखाली लपवायला लागलो.

त्याच आठवड्यात सुतारदादाला पोलादपूरकडून नांगरांचं बोलावणं आलं. पेरणीआधीचं काम, टाळता येत नव्हतं. बंगली मात्र काकांना लग्नाआधी उभी हवी होती, व्याह्यांना तिथे बसवायचं होतं. जाताना त्याने सगळं मांडून ठेवलं. फुटक्या रांजणाचं बूड आणलं, त्यात तेल ओतलं आणि पहिला खांब त्यात स्वतः उभा करून दाखवला.

"एक खांब, एक दिस. सा खांब, सा दिस. मंग अंगाला दोन हात. घाई करू नको. आन खोबरेल इसरू नको, नवरोबा."

तो वळणावरून दिसेनासा झाला तसा, हे एकदाचं उरकावं म्हणून, मी तो खांब बाहेर काढला. काढताना तेल उडालं, पायावर. मी धावत पाटावर गेलो आणि माती चोळचोळून पाय धुतला. परत आलो तेव्हा त्या रांजणाजवळ जायचंच माझं धाडस होईना. सहा वेळा खांब उचलायचे, सहा वेळा ठेवायचे. एखादा गडी लावता आला असता. सुतारदादाला निरोप धाडता आला असता. मी करंजेलाचं भांडं आणलं, त्यात चुलीची काजळी कालवली, वर टरफलांचं तेल वासापुरतं ओतलं आणि लांब काठीला फडकं बांधून सहाही खांबांना अंगभर फिरवलं. टोकांना नुसतं पुसून घेतलं. खांब काळे दिसले, वासही आला. उरलेलं तेल मी बांधापलीकडे ओतून दिलं.

सुतारदादा आला, खांब बघून म्हणाला, "व्वा रे, हात बी शाबूत?" मी हसलो. चार दिवसांत बंगली उभी राहिली.

लग्न थाटात झालं. व्याही बंगलीत बसून पानसुपारी खात होते आणि काका त्यांना साहेबाच्या बागेबद्दल सांगत होते. मनगटावरचा डाग बाहीखाली होता, बाकी माझे हात अगदी स्वच्छ होते. ते दोन दिवस मला अजून आठवतात, पोफळींतून येणारं ऊन, पाटाकाठी हसणाऱ्या करवल्या, आणि त्यांत मान खाली घालून बसलेली माझी बायको. तिने नंतर एकदा सांगितलं की माझा चेहरा बघायच्या आधी तिने माझे हात पाहिले होते.

दुसऱ्या पावसात बंगली कलली. श्रावणातल्या एका सकाळी काका पेपर घेऊन गेले आणि तसेच परत आले. तीन खांब जमिनीजवळ पोकळ झाले होते, वाळवी आत घर करून होती. काकांनी सुताराला बोलावणं धाडलं आणि शेजारच्या चार जणांनाही बोलावलं.

सुतारदादा आला. एक खांब आडवा केला, पटाशी घेतली आणि टोक उभं चिरलं. त्या दिवशी खुंटी चिरली होती तसंच. जे लाकूड उरलं होतं ते कडेपर्यंत स्वच्छ होतं. काळ्याची एक रेघ नव्हती. मी समोर उभा होतो. त्याने ते पाहिलं आणि मी ते पाहिलं.

"रावसाहेबांचं म्हननं, मी कवळं लाकूड घातलं," तो सावकाश म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तू टोकं पाजलेलीस ना रे? दिसभर एकेक?"

माझी बायको तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती माझ्यामागे उभी होती. लग्नाला पुरतं दीड वर्षही झालेलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "एकेक दिवस."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग तांब्या घेतला, पाणी प्याला आणि तिला म्हणाला, "गो पोरी, पानी ग्वाड हाय तुमच्या हिरीचं." पटाशी पुसून पिशवीत टाकली. काकांना म्हणाला, "मंग लाकूडच वंगाळ निघालं आसंल, रावसाहेब. माझी नजर चुकली."

चार जण ऐकत होते. शिवथरकडे एका देवळाचा सभामंडप त्याच्याकडून करून घ्यायचं पक्कं होतं. त्याबद्दल तो वर्षभर बोलत असे, खांबांवर काय कोरायचं ते मातीत काढून दाखवत असे. ते काम दुसऱ्याला गेलं. जो घरच्या बंगलीला कवळं लाकूड घालतो त्याच्या हातात देऊळ कोण देणार, असं लोक म्हणाले. पुढच्या वर्षी तो मुंबईला गेला आणि गोदीत माल भरायची खोकी ठोकायला लागला. कोरीवकाम करणारा माणूस.

बंगलीला नवे खांब मी घातले. या वेळी सहा दिवस, एकेक. पुढे दरवर्षी आगोटीच्या आधी, पाऊस लागायच्या तोंडावर, टरफलांचं तेल मीच दिलं. बोटांची कातडी गेली, परत आली. बायको खोबरेल चोळताना चिडायची, "गडी नाहीत का घरात?" मी काहीतरी सांगून टाळायचो.

सुतारदादा शिमग्याला गावी यायचा. एका वर्षी मी ठरवून वरंधला गेलो. वाटभर वाक्य घोकलं. तो पालखीपाशी उभा होता, केस पांढरे झालेले. मला बघून हसला. माझे दोन्ही हात त्याने उलटेपालटे करून पाहिले, काळी नखं, सोललेली बोटं.

"आता पाजतोस व्हय?" एवढंच म्हणाला.

मी तोंड उघडलं. पालखी उठली, ढोल सुरू झाले, त्याने खांदा दिला आणि तो गर्दीबरोबर पुढे गेला. मी पालखी परत येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी परतीच्या वाटेला लागलो. पुढच्या शिमग्याला तो आला नाही. मुंबईतच वारला, असं त्याच्या भावाने सांगितलं.

ते वाक्य मोठं नव्हतं. सुतारदादा, लाकूड तुमचं पक्कं होतं. टोकं मी पाजली नाहीत. चार जणांसमोर मी खोटं बोललो आणि तुम्ही ते माझ्यासाठी अंगावर घेतलंत. मला माफ करा.